अकोल्याहून भरून आलेली ओटी

एक नारळ, पसाभर तांदूळ, हिरवा खण आणि एक हळकुंड. अकोल्याहून माझ्या पिशवीत एवढं आलं. माझ्या गाठचं गेलं ते दोघींचं भाडं, जीप आणि एसटी मिळून जाऊन-येऊन एकशे चार रुपये. डबा घरचाच होता.

जायचं कारण माझी मुलगी वैशाली. तिच्या आठवीच्या वर्गाची अकोल्याच्या एका उर्दू शाळेशी संगणकावरून जोडी लावली आहे. लाइट असली तर दर शनिवारी दोन्हीकडच्या पोरी पडद्यावर एकमेकींना घरच्या रीती सांगतात. वैशालीची जोडीदारीण सानिया. तिने घरी बोलावलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पहिले तू घर पाहून ये. मंग ठरवू, पोरीले त्या वर्गात ठेवाचं का काढाचं." ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, घरात शब्द सासूबाईंचाच.

देवाला हात जोडून निघालो. दर्यापूरपर्यंत जीप, मांडीवर परक्याची पिशवी. पुढे एसटी. सकाळी जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन येतं. काळ्या रानात कापूस फुटलेला, वेचायला माणसं थोडी. वैशालीची बडबड चालू, माझ्या मनात एकच. तिथे खायला दिलं तर? नाही म्हटलं तर पोरीचं तोंड उतरेल, हो म्हटलं तर घरी काय सांगू?

सानियाची आई नसीमबाई. माझी चुळबूळ पाहून म्हणाल्या, "ताई, केळं घ्या. सालीच्या आत आमचा हात पोचत नाही!" मला हसू आलं. मग चहाही घेतला.

निघताना त्या ताट घेऊन आल्या. "पदर पसरा, ताई. सानिया म्हणते, तुमच्यात पाहुणी निघाली की असंच करतात."

आमच्यात विधवेची ओटी भरत नाहीत. वैशालीने पडद्यावर ओटी सांगितली, हे सांगायचं राहिलं. तिला वडील नाहीत हे सानियाला ठाऊक होतं. त्याने ओटी अडते, हे तिला कुठून कळावं?

"आई..." वैशाली पुटपुटली.

"काही चुकून राहिलं का आमचं?" नसीमबाईंनी ताट मागे घेतलं.

मनात देवाचं नाव घेतलं आणि पदर पुढे केला. "नाही. बरोबर आहे."

परतीच्या वाटेत पिशवी घट्ट धरून बसले. खोटं बोलवत नाही, म्हणून उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी पिशवी उघडली. मग नारळ कानाशी नेऊन हलवला. "पाणी आहे," म्हणाल्या आणि देवापुढे ठेवला. "शनिवारी पोरीले वेळेवर धाड. अन् त्या बाईले बोलाव."

पुढच्या महिन्यात नसीमबाई येणार आहेत. मला पुन्हा घोर लागला आहे. त्यांच्यात निघताना पाहुणीला काय देतात? सानियाला विचारावं तर ती आईला सांगून मोकळी होईल. हे वैशाली शाळेत टंकते आहे. संगणकावरचं उत्तर माझ्यापर्यंत कधी पोचेल नेम नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी शाळेच्या पत्त्यावर उलट टपाली कार्ड टाकावं. काय देतात ते लिहा, आणि कोणाला देत नाहीत, तेही लिहा.