पिस्तुलाचा ताठ चाप

आखातात युद्ध सुरू झालं तेव्हा सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कामगार कॅम्पमधले सगळे गावी निघून गेले. माझा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मला कामावर आणणाऱ्या सौदी मालकाकडे, अडकला होता, म्हणून मी एकटाच राहिलो.

गेटवरच्या म्हाताऱ्या सौदी पहारेकऱ्याला नवं छोटं पिस्तूल मिळालं होतं. त्याचा चाप इतका ताठ, की ओढताना बोट दुखायचं. "नया है. रोज दबाएगा तो नरम होगा," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. मग रोज दुपारी गोळ्या काढून, दोनदा खात्री करून, आम्ही भिंतीकडे तोंड करून आळीपाळीने चाप ओढत बसायचो. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता.

तीन आठवड्यांनी चाप अलगद ओढला गेला. "खलास!" म्हणत त्याने खुशीत पिस्तूल कमरेला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो, तर त्याने विचारलं, "कुछ काम?"

"नाही," म्हणालो आणि खोलीवर परतलो.