शेजारणीचं पहिलं विमान

आष्टीत आमच्या शेजारी राहणारी बाई कुठल्याही प्रश्नाला आधी “बगू की” म्हणते. पन्नाशी उलटल्यावर तिनं कुरिअरनं बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्या मागवल्या आणि ओट्यावर बसून उडणारं छोटं विमान करायला घेतलं. पट्ट्या हलू नयेत म्हणून ती साडीच्या पिना टोचायची, डिंकावर फुंकर घालायची आणि विमानाशीच बोलायची. सांगाड्यावर पातळ कागद चिकटवून तिनं इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीनं पाणी शिंपडलं. वाळल्यावर तो कागद हलगीसारखा ताणून बसला.

मी भिंतीपलीकडून रोज बघायचे आणि जळायचे.

“कुणासाठी करायलाव हो एवढं?” मी एकदा विचारलंच.

“बगू की,” ती म्हणाली, मग हसली. “माज्यासाठीच. लहानपणापासून मनात हुतं.”

माझ्या मनात असं काय होतं, ते मला काही केल्या आठवेना.

एका सकाळी तिनं मला सोबत नेलं. तूर काढून रान मोकळं झालं होतं. तिनं विमानाचा पंखा फिरवून त्याला जोडलेलं रबर पिळलं आणि विमान माझ्या हातात दिलं.

“पयल्यांदा तुमी सोडा, ताई.”

“मी कावून? तुमचं हाय की.”

“लई दिवस बगायलाव भिंतीवरून. सोडा.”

सोडताना ते पडावं, असं मला मनापासून वाटलं. पण विमान डुलत वर चढलं आणि बांधापलीकडं अलगद उतरलं.

“तुमच्या हाताला यश हाय!” ती टाळ्या वाजवत ओरडली.

तिला माझा जराही हेवा वाटला नव्हता. मला त्याचाच सगळ्यात जास्त हेवा वाटला.