संत्र्याला बांधलेला पार

आमच्या कचेरीत दुपारच्या सुटीत कुणीही कुणाचाही डबा उघडायचा. त्या दिवशी हेडक्लार्कसाहेबांनी बोलता बोलता माझ्या डब्याचा वरचा कप्पा काढला, न बघताच आत बोटं घातली आणि ते ओरडून उभे राहिले.

त्या कप्प्यात भाजी नव्हती. आमच्या परसातल्या संत्र्याची रोगट पानं होती. संध्याकाळी शेतकी खात्याच्या साहेबांना दाखवायची म्हणून सकाळी मीच ती भरली होती आणि सांगायचं विसरलो होतो. पानांसोबत एक अळीही आली होती. लिंबा-संत्र्यावरची ती अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. दाबली की डोक्यातून दोन नारिंगी शिंगं काढते आणि सडक्या लिंबाचा असा वास सोडते की घास घशातच अडकतो. साहेबांनी ती चांगलीच दाबली होती.

"काय गा! हे खाते तू?" म्हणत त्यांनी कप्पा खिडकीबाहेर रिकामा केला. त्या दिवशी सेक्शनमध्ये कुणी जेवलं नाही. मीही नाही. लाजेनं शेतकी खात्याकडेही गेलो नाही. तिथं गेलो असतो तर पुढची घाण टळली असती.

झाड म्हणायला घरचं होतं, पण खरं ते माझ्या बायकोचं. आम्ही हुडकेश्वरकडे दोन खोल्या बांधल्या तेव्हा तिच्या वडिलांनी काटोलहून एसटीत मांडीवर धरून ते कलम आणलं होतं. पुढं त्यांच्या विहिरीचं पाणी आटलं, बाग तोडावी लागली. त्या बागेचं म्हणून जगात एवढं एकच झाड उरलं होतं. सकाळी चूल पेटवण्याआधी ती त्याच्यापाशी जाऊन यायची. मी विचारलं तर म्हणायची, "काई नाई, पाहून आली."

आणि आता त्याची पानं पिवळी पडत होती.

मी संत्र्याच्या रोगांवरची एक पुस्तिका आणली. रोगट पानांची चित्रं होती, पण छपाई काळी-पांढरी. एका चित्रात पान फिकं आणि शिरा गडद, दुसऱ्यात शिरा फिक्या आणि पान गडद. शाई इतकी फुटलेली की दोन्ही पानं राखाडीच. मी चष्मा पुसला, आमचं पान शेजारी धरलं आणि ठरवलं, हे पहिलं चित्र. म्हणजे लोह कमी. मग लोहाचा क्षार म्हणून हिराकस आणलं, पाण्यात कालवलं आणि रोज बुडाशी ओतायला लागलो. हात गंजाच्या रंगाचे झाले. धोतराला डाग पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

"अहो, बुडाशी कायतरी सडून राहिलं. वास येते," बायको म्हणाली.

"शेणखताचा वास आहे तो. तुला कळत नाही."

शेणखत मीच घातलं होतं, तेही ताजं. आदल्या वर्षी मला हौस आली आणि मी झाडाभोवती विटांचा छान पार बांधला, त्यात खोडाला भिडवून गुडघाभर काळी माती आणि शेण भरलं. रोज संध्याकाळी त्यावर बसून मी चहा प्यायचो. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, वर हिरवट साय धरायची, तिच्यात किडे वळवळायचे. मी पाय वर घेऊन बसायचो, पण बसायचो.

मला न सांगता तिनं वडिलांना कार्ड टाकलं.

सासरे आले. पिशवी ठेवली, एक पान तोडलं, उन्हाकडे धरलं. "शीर पिवळी हाय, पान हिरवं हाय. दुखणं पानात नाई. फावडं आना."

पहिल्या चार फावड्यांतच तो वास उसळला. आंबलेला, गोडसर, मेल्या उंदरासारखा. मी नाकाला रुमाल लावला. सासऱ्यांनी हातानं चिखल बाजूला केला. कलमाचा सांधा मातीच्या वर मोकळा राहायला हवा, तो माझ्या पाराखाली पुरता गाडला गेला होता. त्यांनी सालीला बोट लावलं तर साल उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटून आली. आत तपकिरी लगदा, त्यावर चिकट डिंक, डिंकात पांढऱ्या अळ्या. मला खरोखर ओकारी आली. मी मोरीकडे पळालो. परत आलो तर ते त्याच बोटांनी लगदा खरवडत होते आणि बायको शेजारी तांब्या धरून उभी होती. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते.

"संत्र्याले पार कोनी बांधला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मी."

"तो काय वड हाय, जवाईबापू?"

तेवढंच. मग त्यांनी चाकूनं सडकं सगळं काढलं, मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप लावला, एका बाजूची फांदी तोडली. जाताना लेकीला म्हणाले, "दसऱ्यापर्यंत फुटलं त फुटलं. नाई त रडू नको वं."

पार मी एकट्यानं फोडला. एकेका विटेखाली काय काय होतं ते लिहीत नाही. वाचणारे कदाचित जेवायला बसले असतील. आठ दिवस माझ्या नखांना तो वास होता. पोळीचा घास तोंडाशी नेला की पार आठवायचा.

दसऱ्याच्या चार दिवस आधी उरलेल्या फांदीवर फिकी पोपटी फूट दिसली. बायको तिथंच उकिडवी बसली आणि पदराचं टोक तोंडात धरून बराच वेळ पाहत राहिली. मीही पुस्तिका काखेत मारून पुढं झालो. नव्या पानाची शीर कशी आहे ते बघावं म्हणून वाकलो.

तिनं माझी बाही धरून मागं ओढली.

"लय जवळ नका जाऊ," ती म्हणाली. "त्याले अजून तुमी आठवत असान."