कादंबरीतली टोपी

वसईजवळच्या होळी गावच्या भाजीबाजारात एक कादंबरीकार रोज सकाळी उभ्यानेच चहा पितात. ऐकतात जास्त, बोलतात कमी. प्रेमाबद्दल विचारलं तर म्हणतात, "कोण कोणासाठी थांबतं ते बघा." सत्याबद्दल विचारलं की पेला तोंडाला लावतात.

त्यांच्या नव्या कादंबरीत एक शेतकरी सख्ख्या भावाचं विहिरीचं पाणी तोडतो. त्याची टोपी तिरकी असते. बाजारात तशी टोपी भाजी विकणाऱ्या एकाच वाडीवाल्याची, त्यामुळे लोक त्याला चिडवू लागले. एका सकाळी तो कादंबरीकारांवर धावून आला.

"मी कोनाचं पानी तोडलं? सांगा ना सगल्यांना!"

कादंबरीकारांनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दादा, पाणी मी तोडलं होतं, माझ्या भावाचं. तुमची फक्त टोपी घेतली."

बातमीदारीत मी खुलासे पुष्कळ ऐकले. दोष स्वतःकडे घेणारा हा पहिलाच.

गेल्या रविवारी वाचनालयात त्यांचा सत्कार झाला. कादंबरीतला टोपीचा उतारा वाचला जाताच पहिल्या रांगेतला वाडीवाला उठला. त्याने टोपी आणखी तिरकी केली आणि लोकांकडे वळून म्हणाला, "हीच ती."