सोमवार करणारं पिल्लू

पिल्लू टेबलावर ठेवलं तेव्हा थंडगार होतं. मान टाकलेली, पाय ताठ, अंगाला मधूनच झटके. मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या गुलाबी असायला हव्यात. याच्या पांढऱ्याफटक होत्या.

पॉमेरेनियन जातीचं, जेमतेम दोन महिन्यांचं. उपरण्यात गुंडाळून वसंतराव स्वतः घेऊन आले होते. ते देवासच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. मागे त्यांची सून नेहा, डोळे लाल झालेले.

"काही विषारी खाल्लं का?" मी विचारलं.

"छे हो डॉक्टरीणबाई! आज त्यानं काहीच खाल्लेलं नाही."

"का? उलट्या? जुलाब?"

"सोमवार आहे ना. उपास आहे त्याचा."

सरकारी नोकरीत मी मध्य प्रदेशातल्या कुक्षीला होते, खातेगावला होते. गाईच्या पोटातून प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, म्हशीला भुताने धरल्याचं ऐकून घेतलं. पण उपाशी ठेवलेलं पिल्लू कुणी एवढ्या अभिमानानं माझ्यासमोर ठेवलं नव्हतं.

कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि शुगर तपासली. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं 'लो' आलं. इतक्या लहान पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतोच म्हणा ना. दर थोड्या तासांनी पोटात काही गेलं नाही तर शुगर उतरते, मेंदूला काही मिळत नाही, आणि पिल्लू आधी सुस्तावतं, मग थरथरतं, मग जातं. आमचं पिल्लू तिसऱ्या पायरीच्या तोंडाशी होतं.

मी हिरड्यांवर मध चोळला. आता नसेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, द्यायचं होतं. पण नस दोऱ्याएवढी, त्यात रक्त आटलेलं. एका पायाची नस फुटली. दुसरा पाय धरला.

"तसं त्याला तीर्थ दिलं होतं सकाळी," वसंतराव मागून म्हणाले.

"मुकेश, यांना बाहेर बसव," मी ओरडले.

"भिया, आप बाहर बैठो, मॅडमको काम करने दो," माझ्या असिस्टंटनं त्यांना दंडाला धरून नेलं. मला आवाज चढवायचा नव्हता. पण चढला, आणि आजही त्याचं वाईट वाटत नाही.

सुई लागली. डेक्स्ट्रोज हळूहळू जाऊ लागलं. मुकेशनं गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या पोटाशी लावली. नेहा हलली नाही.

"मॅडम, मी तर सुबहसेच म्हणत होते, इसको कुछ खिलाओ. बाबांनी वाटीच उचलून ठेवली. म्हणाले, त्याचं व्रत मोडू नको."

"आजच सुचलं हे?"

"नाही ना. मागच्या सोमवारी यानं खिचडीला तोंड नाही लावलं. मिर्ची होती. बाबा म्हणाले, बघा, अपने आप उपास धरला! मग दिवसभर चुपचाप पडून होता देवघरासमोर. बाबांनी व्हिडिओ काढला."

तिनं मोबाईल पुढे केला. फॅमिली ग्रुपवर पिल्लू मान खाली घालून बसलेलं. खाली लिहिलेलं, 'ध्यानस्थ'. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. कुणी लिहिलं होतं, पूर्वजन्मीचा साधक दिसतो. ग्रुपवर शिकलेली माणसं होती. एकालाही वाटलं नाही की हे पिल्लू ध्यान करत नाहीये, त्याला चक्कर येतेय.

त्यातून श्रावण चालू, आणि या घरात श्रावणही दोन. इकडे मालव्यात हिंदी लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडा आधी लागतो. कुणी मराठी घरं आपला धरतात, कुणी शेजाऱ्यांचा. वसंतराव दोन्ही धरतात. म्हणजे पिल्लाचे सोमवार कधी संपले असते, देव जाणे!

मी मनात देवाशीही भांडत होते. तेवढ्यात पिल्लानं डोळे उघडले. मग मान उचलली. मी बोटाला मऊ खाणं लावून पुढे केलं तर बोटासकट ओढायला लागलं. नेहा आता मोकळेपणी रडली.

वसंतरावांना आत बोलावलं. पिल्लू चाटताना बघून त्यांचेही डोळे भरले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मला जास्त संताप येत होता. दुष्ट माणसाला निदान हाकलता तरी येतं.

"काका, आज तुम्ही काय खाल्लं?"

"माझा उपास आहे हो."

"उपासाचं काय खाल्लं?"

"साबुदाण्याची खिचडी. चहा झाला दोनदा. मग उपासाचं ते फरियाली मिक्चर, केळं, राजगिऱ्याचा लाडू..." बोलता बोलता ते थांबले.

"म्हणजे तुमच्या घरात खरा उपास या एकट्यानंच केला," मी म्हणाले.

मी औषध लिहिलं आणि सांगितलं, "दिवसातून चार-पाच वेळा खायला घालायचं. चुकवायचं नाही."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग हळूच विचारलं, "सोमवारीसुद्धा?"

मी पिल्लू उचललं आणि नेहाच्या हातात दिलं. "याचं खाणं आजपासून तुझ्याकडे. वाटी कुणी उचलली तर मला फोन कर."

पुढच्या सोमवारी तिचा मेसेज आला. पिल्लू वाटीत तोंड घालून खातंय असा फोटो, आणि सोबत फॅमिली ग्रुपचा स्क्रीनशॉट. तिथे वसंतरावांनी लिहिलं होतं, 'डॉक्टरीणबाईंनी त्याचं व्रत मोडायला लावलं.' खाली हळहळणाऱ्यांची रांग. एका आत्याबाईंनी मला शापही दिला होता.

उपास त्यानंच धरावा ज्याला तो हवा तेव्हा सोडता येतो, एवढंच मी या धंद्यात शिकले. बाकी त्या ग्रुपवर मी पापी ठरले आहे. पिल्लाचं वजन वाढतंय. एवढं पाप मला चालेल.