गेट आलं, वाचन बंद

कुलथे मॅडम कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरमामांच्या मागे, आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एका हातात दांडा, दुसऱ्यात खाकी कव्हर घातलेली इंग्रजी कादंबरी. दिघीहून निघालेली बस मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की आम्ही खूश. मॅडम इंग्रजीत वाचत, मराठीत सांगत, आणि चाकणला कंपनीचं गेट दिसलं की भर वाक्यात पुस्तक मिटत. "गेट आलं, वाचन बंद!"

कंपनीत त्या फायनल इन्स्पेक्शनला होत्या, जरा चूक दिसली की माल रिजेक्ट. ती खोड बसमध्येही सुटत नसे. असेंब्लीवरची लातूरची सुनीता "म्हंजे काय ओ मॅडम?" म्हणाली की त्या जाहीर करत, "वाक्य रिजेक्ट!" आणि तेच सोपं करून पुन्हा सांगत. कादंबरी जुन्या काळातल्या एका अमेरिकन लेखिकेची. मॅडम तिला 'आमची बाई' म्हणत, जणू भोसरीतच तिचं माहेर. "लग्न केलं नाही, लेखणीवर अख्खं घर चालवलं. आणि तुम्ही ओव्हरटाइमचं रडता!"

कादंबरी संपत आली. नायिकाही लिहिणारी. तिला चांगल्या घरातलं स्थळ सांगून येतं, फक्त लिहिणं सोडायचं. बसमध्ये सरळ दोन तट पडले. "हो म्हनावं की तिनं, चांगलं स्थळ हाय!" सुनीता म्हणाली.

मी कुठल्याच तटात नव्हते. रविवारी आमच्या घरी देहूरोडची मंडळी मला बघायला येणार होती. मुलगा चांगला होता. लग्नानंतर मी नोकरी सोडायची एवढीच अट, आणि आई जवळजवळ हो म्हणून बसली होती. हे मी एकट्या मॅडमना सांगितलं. विचारलं, "तुमच्या बाईनं काय केलं असतं हो?"

"तिला विचारायला फार उशीर झालाय. तुला विचारायला नाही."

शनिवारी मॅडम रिटायर होणार होत्या. त्या सकाळी नायिका उत्तर द्यायला तोंड उघडते आणि नेमकं गेट आलं. एकच गिल्ला! मॅडमनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "शेवटचं प्रकरण सोमवारी ही सांगेल." माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं. मला त्यांचा रागच आला.

डिक्शनरी घेऊन ते प्रकरण वाचण्यात रविवारची सकाळ गेली. दुपारी पाहुण्यांचे पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "मग राजीनामा कधी देतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, सोमवारी बसमध्ये चाळीसजणी माझी वाट बघणार आहेत. मी नोकरी सोडणार नाही."

मंडळी चहा न घेताच उठली. आई संध्याकाळपर्यंत भांडी आपटत होती. मी थोडी रडलेही.

सोमवारी सकाळी सव्वासहाला दिघीच्या स्टॉपवर कुलथे मॅडम हजर. युनिफॉर्म नाही, फुलाफुलांची साडी. ड्रायव्हरमामांना त्यांनी मोशीपर्यंत न्यायला पटवलं होतं.

"मॅडम, तुम्हाला तर शेवट पाठ आहे!"

"पाठ आहे गं. तू बसमध्ये चढतेस का, ते बघायला आले."

त्या माझ्या जागेवर बसल्या. मी दांडा धरून त्यांच्याकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला मॅडम ओरडल्या, "रिजेक्ट! पुन्हा सांग."