शंभुलिंगअप्पांच्या काळ्या पट्ट्या

आमच्या मुरुमच्या छायाचित्र मंडळात अकरा सभासद आहेत आणि त्यातल्या दहा जणांवर शंभुलिंगअप्पा कधी ना कधी खेकसलेले आहेत. अकरावे ते स्वतः. मी निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर पोरांना दटावलेली बाई, पण अप्पांनी मलाही सोडलं नाही.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर आम्ही जमतो. खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार करतो आणि एकमेकांचे फोटो पडद्यावर बघतो. फोटो सगळे वेगवेगळ्या मापांचे. कुणी मोबाईल उभा धरून काढलेले, कुणाचे आडवे, मी तर वडिलांच्या जुन्या डबा कॅमेऱ्यातले चौकोनी आणते. पडदा मात्र एकच. तो वीरप्पाशेठनी दिलेला, आजच्या टीव्हीसारखा लांबरुंद, खालच्या कडेला त्यांच्या वडिलांचं नाव छापलेला.

भांडणाचं मूळ हा पडदाच. शेठचं म्हणणं, एवढा मोठा पडदा दिलाय तर तो काठोकाठ भरला पाहिजे, रिकामा का ठेवायचा? प्रोजेक्टरच्या रिमोटवर एक बटण आहे. ते दाबलं की कुठलाही फोटो दोन्हीकडून ओढला जाऊन पडद्याभर पसरतो. शेठच्या पुतण्याच्या वरातीचे फोटो एकदा असेच पसरले आणि नवरदेव म्हशीवर बसलाय की काय असं वाटायला लागलं. आम्ही पदरात तोंड लपवून हसलो. अप्पा मात्र उठून उभे राहिले.

"शेठ, ज्या मापाचा फोटो, त्या मापातच बघायचा. ताणला की तो माणूस न्हाय ऱ्हात. दुसराच कुणीतर हुतो."

"मग दोन्ही बाजूंनी जागा वाया जाती त्याचं काय?"

"वाया न्हाय. ती त्या फोटोची जागा हाय."

पुढच्या बैठकीला अप्पा एक पिशवी घेऊन आले. आत छत्रीच्या काळ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या होत्या, वर कड्या शिवलेल्या. पडद्यावर दोरी बांधून त्यांनी त्या अडकवल्या. फोटो आला की अप्पा पडद्याशी उभे राहून दोन्ही पट्ट्या सरकवत त्याच्या कडेला आणून टेकवायचे. माझ्या चौकोनी फोटोंना अगदी आत, लांबट फोटोंना पार बाहेर. असं वाटायचं, पडदा त्या फोटोसाठीच बेतलाय. माझे वडील त्या दिवशी जितके नीट दिसले तितके घरच्या अल्बममध्येही कधी दिसले नव्हते.

पट्ट्या शिवल्या होत्या महेश्वरीवहिनींनी. अप्पांच्या पत्नी. बाजारातल्या त्यांच्या दुकानाचं नावच महेश्वरी फोटो स्टुडिओ. तीस वर्षं अप्पा आत दिवे लावून फोटो काढत आणि वहिनी बाहेर काउंटरवर बसून पाकिटं देत. वहिनी अंगानं चांगल्या भरलेल्या, गोऱ्यापान, हसल्या की गाल डोळ्यांपर्यंत चढायचे. मी दुकानात गेले की आधी त्या हसायच्या, मग काम विचारायच्या. अख्ख्या मुरुमचे फोटो त्या दुकानानं काढले, वहिनींचे मात्र नाहीत. अप्पांनी कॅमेरा उचलला की त्या हात आडवा धरायच्या.

"ब्याड री, नको. मी मावायची न्हाय तुमच्या फोटूत."

मंडळात यायच्या तेव्हाही मागच्या खुर्चीवर बसून हेच म्हणायच्या, "बाई, माझा फोटू लावला तर शेठला दुसरा पडदा आणावा लागंल." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे, आणि त्याचं आज मला वाईट वाटतं. एका हसऱ्या बाईनं स्वतःला तीस वर्षं फोटोबाहेर ठेवलं, आणि कुणी एकानंही तिला गप्प बस म्हटलं नाही.

मग त्यांना तो आजार झाला. सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. वर्षभरात वहिनी निम्म्यासुद्धा उरल्या नाहीत. शेवटच्या महिन्यात एक दिवस त्या ओसरीवर बाजेवर बसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि अप्पांना हसून म्हणाल्या, "आता काढा फोटू. आता मावती मी." हे मला अप्पांनीच सांगितलं, त्या गेल्यानंतर दीड महिन्यानं, दुकानाच्या पायरीवर बसून. सांगताना ते रस्त्याकडे बघत होते.

"बाई, लग्नातला फोटू हाय. तवा अठराची हुती, काडीवानी. आन् हा एक हाय. मधली सगळी तीस वर्षं कुठं गेली? भावाच्या लग्नातल्या एका फोटूत हाय, पण भावजयीच्या खांद्यामागं, अर्धा गाल नुसता. आधारचा फोटू तर तिचा हाय असं मलाच पटत न्हाय. म्या डोळे मिटले की हीच दिसती, शेवटची. आधीची आठवाया बघतो तर येतच न्हाय."

वर्षभर अप्पा बैठकीला यायचे, पट्ट्या सरकवायचे, स्वतःचे फोटो मात्र आणायचे नाहीत. खेकसणंही कमी झालं होतं, आणि खरं सांगते, ते आम्हाला सोसत नव्हतं. मग मागच्या फाल्गुनात त्यांनी माझ्या हातात पेन ड्राइव्ह दिला. लॅपटॉप आणि रिमोट माझ्याकडे असतो.

"एकच हाय. शेवटी लावा."

कोणता ते मला विचारावं लागलं नाही.

त्या दिवशी शेठनी पुन्हा हट्ट धरला. नव्या गोदामाचे फोटो पडद्याभर पाहिजेत. गोदाम जाड दिसलं तर कुणाचं काय बिघडतंय, म्हणून मी ते बटण दाबून टाकलं. शेठ खूश झाले. अप्पांनी माझ्याकडे नुसतं रागानं बघितलं. त्या नजरेनं मी अशी गोंधळले की गोदाम संपल्यावर बटण परत दाबायचं राहूनच गेलं.

अप्पांनी दोन्ही पट्ट्या हातात धरल्या, सरकवत आत आणल्या आणि थांबले. मी फोटो लावला.

पडद्यावर वहिनी आल्या. पण ओसरीवरच्या त्या वहिनी नव्हेत. बसलेले गाल दोन्हीकडून भरून आले होते, खांदे रुंद झाले होते, मनगटं गोल. चेहरा पट्ट्यांच्या मधोमध आणि अंगावरचं लुगडं पट्ट्यांच्या काळ्या कापडावर सांडलेलं. मागून कुणीतरी "अगं बया" म्हणालं. काउंटरवरच्या वहिनी होत्या त्या. हुबेहूब.

अप्पांचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले. मग ते एकदम ओरडले.

"बाई! ताणलाय फोटू! कळत न्हाय व्हय?"

मी बटण दाबलं. गाल आत गेले, खांदे उतरले, आणि पट्ट्यांच्या मध्ये ती आजारी बाई बरोबर मावून बसली. अप्पांनी पट्ट्या कडेला टेकवल्या, मापात. शेठनी चष्मा काढून धोतरानं पुसला.

बैठक संपली. सगळे खाली चहा-चिवड्याला गेले. मी वायरी गुंडाळायला लागले. मला माझीच चीड येत होती. वर्षानं एक फोटो आणला त्या माणसानं, आणि मी त्याची ही अशी थट्टा करून ठेवली. दोन-तीनदा तोंड उघडलं, पण माफी कशी मागावी सुचेना. अप्पा पट्ट्यांच्या कड्या मोजत उभे होते. माझ्याकडे पाठ होती.

"बाई."

"बोला अप्पा. चुकलं माझं."

"व्हय, चुकलं." शेवटची कडी मोजून ते म्हणाले, "मघाशी चुकलात ना, तसं परत एकदा चुका बघू."

मी वायर परत जोडली. आवाज केला तर ते आपलं म्हणणं मागे घेतील अशी भीती वाटत होती. फोटो लावला, बटण दाबलं. वहिनी पुन्हा भरून आल्या. या वेळी अप्पांनी दोन्ही पट्ट्या हातानं सारत सारत पार दोरीच्या टोकांना नेल्या आणि पडदा अख्खा मोकळा केला.

मग दोन पावलं मागे येऊन ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. वहिनी या कडेपासून त्या कडेपर्यंत हसत होत्या. घरात ते दोघं कानडीत बोलत. तसं अप्पा हळूच काहीतरी म्हणाले. मला कानडी मोडकीतोडकी कळते, पण तेवढं कळलं.

"मावलीस की गं," असं ते म्हणाले होते.